टर्मिनलवर चालणारा टेक्स्ट एडिटर : प्रोजेक्ट म्हणून 'छोटा' आहे का?

टर्मिनल_पोऱ्या
नमस्कार मंडळी. टीई कॉम्प्युटरला (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) आहे, कॉलेज सांगलीच्या बाजूला. या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट आहे, तिघांचा ग्रुप. मला सी मध्ये टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायची, फक्त अक्षरांची खिडकी) चालणारा साधा टेक्स्ट एडिटर लिहायचाय. फाइल उघडणे, टाइप करणे, खोडणे, शोधणे, सेव्ह करणे. माऊस नाही, मेनू नाही. ग्रुपमधल्या दोघांना चेहरा ओळखून हजेरी लावणारं सॉफ्टवेअर हवंय, कारण सीनियर्सकडे ते तयार आहे. गाईड मॅडम म्हणाल्या, "एडिटर कशाला, नोटपॅड आहे की! स्कोप छोटा वाटतोय."

तर खरंच छोटा आहे का? सी घेऊ की पायथन? मजकूर मेमरीत कसा ठेवायचा, एकच मोठा ॲरे की लिंक्ड लिस्ट? आणि त्यात मराठी टाइप करता यावं अशी हौस आहे, ती झेपेल का?

झंपी
चेहरा ओळखून हजेरी आमच्या बॅचला होती, आमच्या आधीच्या बॅचलाही होती. दरवर्षी फक्त चेहरे बदलतात. एडिटरच कर रे.

सदाशिवपेठी
नोटपॅड आहे म्हणून एडिटर करायचा नाही, तर हजेरीपट आहे म्हणून हजेरीचं सॉफ्टवेअरही करायला नको. अर्थात हे मॅडमना ऐकवू नकोस. टर्मवर्कचे मार्क त्यांच्या हातात आहेत.

अनुराधा_के
छोटा दिसतो, आहे नाही. मजकूर टाइप करणं-खोडणं सोपं वाटतं, कारण आजवर ते काम तुझ्या वतीने दुसरंच कोणी करत होतं. तू स्कॅनएफ (सी मधलं इनपुट वाचणारं फंक्शन) लिहितोस, टर्मिनलवर शब्द टाइप करतोस, चुकला की बॅकस्पेस मारतोस. तुझ्या प्रोग्रामला यातलं काहीही कळत नाही. एंटर दाबेपर्यंत अख्खी ओळ कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला) टीटीवाय म्हणजे टर्मिनलचा ड्रायव्हर स्वतःकडे ठेवतो, बॅकस्पेसही तोच सांभाळतो. हा कॅनॉनिकल मोड. एडिटरला मात्र प्रत्येक कळ दाबल्याक्षणी हवी, म्हणून रॉ मोडमध्ये जावं लागतं. टीसीगेटॲटरने टर्मिनलच्या सेटिंग वाचायच्या, त्यांची एक प्रत जपून ठेवायची, एको, आयकॅनॉन, आयसिग, आयएक्सऑन हे फ्लॅग बंद करायचे आणि टीसीसेटॲटरने नव्या सेटिंग लावायच्या.

आयएक्सऑन बंद करायचा राहिला तर कंट्रोल-एस दाबल्यावर पडदा गोठतो. टर्मिनलच्या भाषेत ती 'आउटपुट थांबव' अशी आज्ञा आहे आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू कर'. सेव्ह आणि क्विटसाठी सगळे नेमक्या याच दोन कळा निवडतात!

बाहेर पडताना जुन्या सेटिंग परत लावायच्याच. त्यासाठी फंक्शन ॲटएक्झिटमध्ये (प्रोग्राम संपताना आपोआप चालणाऱ्या यादीत) नोंदव. तरीही सेगमेंटेशन फॉल्टने म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्राम मेला तर ॲटएक्झिट चालत नाही, टर्मिनल तसंच अर्धवट राहतं, टाइप केलेलं दिसत नाही. तेव्हा न दिसताच 'रीसेट' टाइप करायचं आणि एंटर. एंटरने भागलं नाही तर कंट्रोल-जे.

झंपी
ताई, आमच्या लॅबमध्ये पोरं ती खिडकीच बंद करून नवी उघडतात.

अनुराधा_के
चालतं तेही :) पण एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) रीसेट मारलंस तर भाव वाढतो.

नाना_डॉसवाले
पोरा, युनिक्सवाल्यांची ही चैन आमच्याकडे नव्हती. आमचं सगळं डॉसवर. टर्बो सी, त्याची कोनिओ लायब्ररी, कळ वाचायला गेटसीएच, कर्सर हलवायला गोटूएक्सवाय. बाणाची कळ दाबली की गेटसीएच आधी शून्य द्यायचं, पुन्हा बोलावलं की ७२ म्हणजे वर, ८० खाली, ७५ डावीकडे, ७७ उजवीकडे. आजही पाठ आहे, बायकोचा मोबाइल नंबर नाही. गोटूएक्सवाय रेंगाळतंय वाटलं तर थेट व्हिडिओ मेमरीत लिहायचो. ८० गुणिले २५ जागा, प्रत्येक जागेला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. चार हजार बाइटांत अख्खा पडदा.

मराठीचं म्हणशील तर तेव्हा सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड यायचं. ते पीसीत बसवलं की डॉसवरच्या साध्या प्रोग्रामांत मराठी उमटायचं आणि त्या बिचाऱ्या प्रोग्रामला पत्ताही नसायचा. आतलं कोडिंग इस्की, १९९१ साली त्याचं भारतीय मानक झालं. एका वर्णाला एक बाइट. तुमचं युनिकोड त्याच वर्णाला तीन बाइट घेतं म्हणे. प्रगती आहे!

सदाशिवपेठी
नाना, नंबर पाठ करा आधी. "८० खाली, ७७ उजवीकडे" म्हणून घरी जेवण मिळायचं नाही.

आदिती_बीसीए
अनुराधाताई, लिनक्सवर बाणाची कळ कशी ओळखायची? आमच्या सरांनी अजून टर्बो सीच धरून ठेवलंय, डॉसबॉक्समध्ये. निळा पडदा बघून बघून डोळे निळे झालेत.

अनुराधा_के
एक कळ, पण बाइट तीन येतात: एस्केप म्हणजे २७, मग उघडता चौकोनी कंस, मग वरच्या बाणाला ए, खालच्याला बी, उजवीकडे सी, डावीकडे डी. डेक कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल १९७८ साली आलं, ते टर्मिनल गेलं पण ही पद्धत टिकली. पंचाईत अशी की कोणी नुसतीच एस्केप दाबली तरी पहिला बाइट २७ च येतो. मग बाण आहे की एस्केप? उत्तर: थोडं थांबून बघायचं. टर्मिऑसमध्ये (टर्मिनलच्या त्याच सेटिंग) व्हीमिन म्हणजे किमान बाइट शून्य आणि व्हीटाइम म्हणजे वाट बघायचा वेळ १ ठेवलास की रीड एक दशांश सेकंद वाट बघून परत येतं. तेवढ्यात पुढचे बाइट आले नाहीत तर ती सुटी एस्केप.

आणखी एक गंमत. टॅब आणि कंट्रोल-आय दोन्ही ९ पाठवतात. त्यामुळे साध्या टर्मिनलवर कंट्रोल-आयला वेगळं काम देता येत नाही.

व्हीआयभक्त
एस्केपचा विषय निघाला आणि अजून व्हीआय (युनिक्सवरचं जुनं एडिटर) नाही? बिल जॉयने बर्कलीत १९७६ च्या सुमारास ते लिहिलं तेव्हा समोर एडीएम-३ए टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर बाण वेगळे नव्हतेच, एच-जे-के-एल या कळांवर छापलेले होते. तेच आजतागायत. आणि एस्केप असायची आजच्या टॅबच्या जागी, हाताशी. आता ती कोपऱ्यात गेली आणि लोक आम्हाला नावं ठेवतात.

पोऱ्यासाठी कामाची गोष्ट ही की जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० गुणिले २४ चा पडदा पूर्ण रंगवायचा म्हणजे १९२० अक्षरं, मिनिटभर वाट बघा. म्हणून 'जेवढं बदललं तेवढंच काढा' हा नियम तेव्हा नाइलाज होता. आता वेग आहे, पण प्रत्येक कळीला अख्खा पडदा पुसून काढलास तर लुकलुकेल. सगळं आउटपुट आधी एका बफरमध्ये जमव, कर्सर लपव, एकाच राइटमध्ये पाठव, कर्सर दाखव. पडदा पुसण्याऐवजी प्रत्येक ओळीच्या शेवटी 'इथून पुढची ओळ साफ' हा कोड पाठव.

ईमॅक्सवाली
व्हीआयवाले आले म्हणजे मलाही यावंच लागणार. पण आज भांडण नको. दोन्ही एडिटरांचं वय सारखंच, ईमॅक्ससुद्धा १९७६ चं, एमआयटीतलं.

झंपी
पॉपकॉर्न आणलं होतं, वाया गेलं.

म्युनिकभाऊ
मजकूर कसा ठेवायचा हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

एकच सलग ॲरे घेतलास तर सुरुवातीला एक अक्षर घालताना मागची सगळी सरकवावी लागतात. पंगतीत मध्येच पाहुणा आला की अख्खी रांग उठून पुढे सरकते, तसं. त्यापेक्षा वाढपी जिथे उभा आहे तिथेच काही पाट रिकामे ठेवायचे आणि तो हलला की रिकामे पाटही त्याच्यासोबत हलवायचे. हा गॅप बफर, ईमॅक्स हेच वापरतं. माणूस एका जागी बरंच टाइप करतो, उड्या क्वचित मारतो, म्हणून हे परवडतं.

दुसरा मार्ग ओळींचा. प्रत्येक ओळ वेगळी आणि ओळींची लिस्ट. नॅनो या एडिटरमध्ये दुहेरी लिंक्ड लिस्ट आहे. वर-खाली जाणं, पडद्यावर काढणं सगळं ओळीनेच होतं, त्यामुळे कोड सरळ राहतो. दोष इतकाच की कोणी १० एमबीची एकोळी फाइल उघडली की दम लागतो.

तिसरा पीस टेबल. मूळ फाइलला हातच लावायचा नाही, नवीन टाइप केलेलं दुसऱ्या बफरमध्ये फक्त शेवटी जोडत जायचं आणि 'या बफरमधला इथून इथपर्यंतचा तुकडा' अशी यादी ठेवायची. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या ब्राव्हो एडिटरमध्ये १९७४ च्या सुमारास हे होतं. व्हीएस कोड एडिटरने २०१८ मध्ये ओळींचा ॲरे सोडून याचाच झाडासारखा प्रकार घेतला. अनडू जवळजवळ फुकटात मिळतं, कारण काहीच पुसलं जात नाही.

टीईसाठी माझं मत: ओळींचा ॲरे घे, आणि एका ओळीत काय ठेवलंय ते दोन-तीन फंक्शनांच्या मागे झाक. नंतर बदलावंसं वाटलं तर बाकीचा कोड मोडायला नको.

टर्मिनल_पोऱ्या
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. म्युनिकभाऊ, पीस टेबल वाचून हात शिवशिवायला लागलेत. पायथनबद्दल कोणी बोललं नाही पण. मित्र म्हणतो कर्सेस ही टर्मिनलचा पडदा सांभाळणारी लायब्ररी घेतली तर दोनशे ओळींत होईल.

म्युनिकभाऊ
होईल. पण अनुराधाताईंनी वर सांगितलेलं सगळं कर्सेसच करेल आणि तू नुसता बघत बसशील. नोकरीत मी कर्सेसच घेईन. शिकताना नाही.

बोरिवली_स्लो
असहमत. सगळ्यांनी सी मध्ये मेमरीशी झटापट करावी असं कुठे लिहिलंय? पायथनमध्ये केलं तर वाचलेला वेळ अनडू, शोध, मराठी यांवर घालवता येईल. प्रोजेक्टचा जीव कशात आहे ते आधी ठरवा. टर्मिनल शिकायचं असेल तर सी. एडिटर शिकायचा असेल तर पायथन. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

अनुराधा_के
बोरिवली, हे पटलं. फक्त पायथनमध्येही टर्मिऑसचं मॉड्यूल आहे, रॉ मोड तिथूनही करता येतो. म्हणजे कर्सेस न घेता पायथन हाही मार्ग आहेच.

प्रा_खडूफळा
मी दरवर्षी एक्स्टर्नल म्हणून जातो, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

'किलो' नावाचा एक एडिटर आहे. रेडिस हा डेटाबेस लिहिणाऱ्या साल्वातोरे सानफिलिपोने २०१६ मध्ये लिहिला, सी मध्ये, हजार ओळींच्या आत. त्यावरून कोणीतरी पायरीपायरीने शिकवणारा उत्तम पाठही तयार केला, १८४ पायऱ्यांचा. पाठ खरोखर छान आहे, मीच मुलांना देतो. पण मग प्रोजेक्ट म्हणून तोच समोर येतो, नाव बदलून. मी काय करतो? एक अक्षर टाइप करतो आणि सेव्ह न करता कंट्रोल-क्यू दाबतो. 'आणखी तीन वेळा दाबा' असं खाली आलं की मी विद्यार्थ्याकडे बघतो, विद्यार्थी माझ्याकडे बघतो. पुढचा प्रश्न: तीनच का? उत्तर नसतं. टॅबची रुंदी आठ कुठे ठरवलीस? शोधत बसतात.

झंपी
सर, आता सगळे चार वेळा करतील.

प्रा_खडूफळा
करू देत. निदान ती ओळ कुठे आहे ते तरी सापडलेलं असेल.

बोरिवली_स्लो
पण सर, बघून शिकण्यात गैर काय? पोहायला शिकवतानाही कोणी समुद्रात ढकलत नाही.

प्रा_खडूफळा
काहीच गैर नाही. किलोचा परवाना बीएसडी आहे, तो वापरू देतो, मूळ कॉपीराइटची ओळ ठेवा म्हणतो. मुलं नेमकी तीच ओळ आधी उडवतात! रिपोर्टमध्ये "अमुक पाठावरून सुरुवात केली, त्यापुढे हे हे आमचं" असं लिहिलंत तर मी मार्क कापत नाही, उलट प्रश्न त्या 'पुढे'वरच विचारतो. पोऱ्याने मराठीची हौस म्हटलंय ना, ते करून दाखवलं तर तो पाठातला भाग उरणारच नाही. किलो एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरून चालतो. त्यात 'क' टाकून बघा.

अक्षरओळख
सर, मी याच वाक्याची वाट बघत होते. माझं रोजचं काम लोकलायझेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअर स्थानिक भाषांत आणण्याचं.

पोऱ्या, 'ज्ञानेश्वर' हा शब्द घे. वाचणाऱ्याला चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये दहा कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा एक क्रमांक): ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटांचा, म्हणून तीस बाइट. आणि पडद्यावर किती कॉलम? ते टर्मिनलवर अवलंबून. म्हणजे एकाच शब्दाच्या चार लांब्या, आणि तुझ्या कोडमध्ये प्रत्येक ठिकाणी यातली कोणती हवी ते वेगळं. मेमरी देताना बाइट, कर्सर हलवताना अक्षर, पडद्यावर काढताना कॉलम.

पहिली पायरी सोपी आहे. यूटीएफ-८ मध्ये मधल्या प्रत्येक बाइटचे पहिले दोन बिट १० असतात. मागे जाताना असे बाइट ओलांडत जा, न जुळणारा आला की कोडपॉइंटची सुरुवात. ही युक्ती केन थॉम्पसनची, १९९२ ची.

दुसरी पायरी, कोडपॉइंटवरून अक्षर. हलन्त, मात्रा, अनुस्वार आला तर आधीच्याला चिकटव, हलन्तानंतर व्यंजन आलं तर तेही चिकटव. युनिकोडच्या नियमांत जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, म्हणून जुन्या लायब्ररी 'ज्ञा'चे दोन तुकडे करतात.

तिसरी पायरी वैतागाची. रुंदीसाठी डब्ल्यूसीविड्थ (चिन्ह किती कॉलम घेतं ते सांगणारं फंक्शन) वापरशील. त्याच्या प्रचलित कोष्टकांत हलन्त, उकार, एक मात्रा, अनुस्वार यांची रुंदी शून्य, पण काना आणि वेलांट्यांची बहुधा एक. टर्मिनल जोडाक्षर नीट जोडतं की नाही, जोडलं तर त्याला किती जागा देतं, हे प्रत्येकाचं निराळं. त्यामुळे कर्सर एका ठिकाणी दिसतो आणि अक्षर दुसरीकडे पडतं.

गोंयकार
आमच्या कोंकणीचीही तीच गत. देवनागरीत ओळ लिहिली की कर्सर शब्दाच्या पुढे दोन पावलं. यावर उपाय काही आहे की नुसतंच दुःख?

अक्षरओळख
एक आहे, थोडा रांगडा. टर्मिनललाच विचारायचं. अक्षर छापायचं आणि एस्केप, चौकोनी कंस, ६, एन पाठवायचं. टर्मिनल उत्तरात कर्सरची ओळ आणि कॉलम कळवतं. आधीचा कॉलम वजा केला की खरी रुंदी. प्रत्येक अक्षराला असं विचारत बसलास तर एडिटर रांगेल, म्हणून एकदा मोजलेलं कोष्टकात ठेवायचं. उत्तर कीबोर्डच्याच वाटेने येतं, तेव्हा माणसाने त्याच वेळी टाइप केलेल्या कळांत ते मिसळणार. तेवढं निवडावं लागेल.

नाना_डॉसवाले
हा थॉम्पसन तोच ना, युनिक्सवाला?

व्हीआयभक्त
तोच नाना. १९६९ मध्ये ईडी एडिटरही त्यानेच लिहिला. चुकलं की नुसतं प्रश्नचिन्ह छापतो, काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा.

सदाशिवपेठी
म्हणजे ईडी आमच्याच पेठेतला. उगाच जास्त बोलायचं नाही.

प्रा_खडूफळा
विनोद बाजूला ठेवला तर ईडीच्या धर्तीवर सुरुवात करणं हा चांगला सल्ला आहे. ओळ घाल, ओळ काढ, ओळी छाप, शब्द बदल, फाइल लिही. रॉ मोड नाही, कर्सर नाही. मजकुराचा भाग आधी पक्का होतो, त्याच्या चाचण्या लिहिता येतात आणि नंतर त्यावर पडदा चढवायचा. ग्रुपमधल्या बाकी दोघांना काम वाटून देणंही सोपं.

कारकून_नंबर_वन
मी प्रोग्रामर नाही, दिवसभर मराठी टाइप करतो. एकच विनंती. बॅकस्पेस दाबल्यावर अख्खं अक्षर उडवू नका! 'कीर्ती'त पहिली वेलांटी ऱ्हस्व पडली की मला फक्त वेलांटी खोडायची असते.

आदिती_बीसीए
पण मग कर्सर अख्ख्या अक्षरावरून उडी मारणार आणि बॅकस्पेस तुकड्याने खोडणार? विचित्र नाही वाटणार?

अक्षरओळख
वाटतं, पण बहुतेक ठिकाणी रूढ हेच आहे. बाणाने अक्षरभर हलायचं, बॅकस्पेसने शेवटचा कोडपॉइंट खोडायचा, डिलीटने पुढचं अख्खं अक्षर काढायचं. टाइप करताना आपण वर्णावर्णाने चढतो, तसंच उतरावंसं वाटतं.

बोरिवली_स्लो
मला नाही पटत. फोनवर 'क्ष' खोडताना मध्येच 'क्' लटकतं ते भुतासारखं दिसतं. सेटिंग ठेवा, ज्याला जे हवं ते.

कारकून_नंबर_वन
सेटिंग चालेल. पण मूळची माझी ठेवा.

अक्षरओळख
शोधाचं राहिलं. पोऱ्या, तुझं स्वतःचं नाव शोधून बघ. त्यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), य. दिसायला सारखे, बाइट वेगळे, स्ट्रस्ट्रला (सी मधलं शोधाचं फंक्शन) सापडणार नाही. वरून ऱ स्वतःच र अधिक नुक्ता असाही लिहिता येतो. एनएफसी नॉर्मलायझेशन (मजकूर एकसारख्या रूपात आणायची युनिकोडची पद्धत) हा शेवटचा फरक मिटवतं, पण झेडडब्ल्यूजेवाला मिटवत नाही. 'ॲ'चंही तसंच, एकसंध वेगळा आणि अ वर चंद्र दिलेला वेगळा. शोधण्यापूर्वी दोन्ही बाजूंना हे बदल स्वतःच करून घे. दहा-वीस ओळींचं फंक्शन आहे, पण व्हायवात याने रंगत येईल.

गोंयकार
वाखू (वाचनखूण) साठवली.

लोडशेडिंग_ग्रस्त
सगळे अक्षरांत रमलात, सेव्हचं कोणी बघितलं का? जालन्यात राहतो, माझा जिव्हाळ्याचा विषय. फाइल ट्रंकेट म्हणजे रिकामी करून उघडली आणि लिहायच्या आत वीज गेली, तर जुनाही मजकूर गेला आणि नवाही. आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने फाइल लिही, एफसिंक कर (डिस्कवर खरंच लिहून घे), मग रीनेम. एकाच फाइलसिस्टीमवर रीनेम अखंड होतं, एकतर जुनी फाइल दिसते नाहीतर नवी. अर्धी कधीच नाही.

म्युनिकभाऊ
बरोबर, पण त्यालाही काटे आहेत. मूळ फाइल सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी) असेल तर लिंक जाऊन तिथे साधी फाइल बसते. परवानग्या, मालक हेही नव्या फाइलचे होतात. व्हिममध्ये (व्हीआयचा सुधारित अवतार) म्हणूनच दोन्ही पद्धती आहेत आणि ठरवायला एक ऑप्शन.

लोडशेडिंग_ग्रस्त
सिमलिंक गेली तर परत करता येते भाऊ. रिपोर्ट गेला तर?

म्युनिकभाऊ
मान्य. परवानग्या एफसीएचमॉडने उचलून घे म्हणजे झालं.

ईमॅक्सवाली
अवांतर: व्हिमचा विषय निघालाच आहे तर, ब्राम मोलेनारने १९९१ मध्ये पहिली आवृत्ती अमिगा संगणकासाठी काढली आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तोच सांभाळत होता. पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या मुलांसाठी द्या म्हणायचा. आम्ही ईमॅक्सवाले भांडतो, पण त्या माणसाला दंडवत.

व्हीआयभक्त
+१. आज खरंच पॉपकॉर्न वाया.

टर्मिनल_पोऱ्या
धागा प्रिंट काढून मॅडमकडे गेलो (सदाशिवपेठींचे प्रतिसाद वगळून). 'ज्ञानेश्वर'च्या चार लांब्या वाचून त्या म्हणाल्या, "हे करून दाखवणार असाल तर स्कोप मान्य." अट एकच, शीर्षक भारदस्त हवं.

आता असं ठरतंय. सी मध्येच. आधी ईडीसारखा गाभा, ओळींचा ॲरे, प्रत्येक ओळ फंक्शनांच्या मागे. हे माझ्याकडे. ग्रुपमधला एकजण पडदा आणि रॉ मोड बघेल, हजेरीवाला होता तो. दुसरीला ऱ्याचा शोध आवडलाय, ती अक्षरं जोडणं आणि सर्च घेईल. सेव्ह लोडशेडिंगदादांच्या पद्धतीने. बॅकस्पेस कारकूनकाकांच्या मर्जीने, सेटिंग बोरिवलीकरांसाठी. पीस टेबल आणि अनडू वेळ उरला तर.

शेवटची शंका. डेमो लॅबच्या प्रोजेक्टरवर आहे. तिथे जास्तीचं काही सांभाळायला लागेल का?

सदाशिवपेठी
शीर्षकात 'एआय' घाला, भारदस्त होईल. ह. घ्या (हलके घ्या).

प्रा_खडूफळा
अजिबात घालू नकोस, मग त्यावरच प्रश्न विचारावे लागतील.

अनुराधा_के
प्रोजेक्टरचं बरं विचारलंस. मागच्या बाकावरून कोणीतरी "फाँट मोठा करा" म्हणणारच. फाँट वाढला की त्याच खिडकीत ओळी आणि कॉलम कमी बसतात, पण तुझा प्रोग्राम सुरुवातीला मोजलेल्या मापानेच काढत राहतो आणि डेमो विस्कटतो. माप बदललं की कर्नल सिगविंच सिग्नल पाठवतो. त्याच्या हँडलरमध्ये (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) फक्त एक फ्लॅग वर कर, बाकी काही करू नकोस. हँडलर लावताना एसएरीस्टार्ट (अडलेलं काम आपोआप पुन्हा सुरू करणारा पर्याय) देऊ नकोस, म्हणजे अडकलेलं रीड ईआयएनटीआर म्हणजे 'मध्येच अडवलं' अशी खूण देऊन परत येईल. ती खरी चूक नाही, तिच्यावर एक्झिट करायचं नाही. मुख्य लूपमध्ये फ्लॅग बघ, आयओसीटीएलने नवं माप घे, कर्सर नव्या हद्दीत आण आणि पडदा पुन्हा काढ. घरी फाँट लहान-मोठा करत टाइप करून बघ, आणि त्या वेळी फाइल मराठीच उघड.